रामाच्या पानाला ऊन लागलं

सासऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेला डबा जावयानं उघडू नये, हे पुंजारामांना कळत नव्हतं असं नाही. परतूरच्या बाजार समितीत ते कनिष्ठ लिपिक होते आणि बंद वस्तूचं महत्त्व त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण हा डबा तसा बंद नव्हता. त्याला नुसता सुताचा दोरा गुंडाळलेला होता, आणि त्या दोऱ्यालाही मामांनी गाठ न मारता सुरगाठ दिली होती. आता सुरगाठ मारणं म्हणजे उघडू नका म्हणणं, की बघा बुवा तुमची मर्जी म्हणणं, यावर पुंजारामांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी विचार संपला आणि गाठ सुटली.

मामा म्हणजे त्यांचे सासरे रखमाजी. राहणार जाफराबादेकडच्या एका खेड्यात. तरुणपणी मेंढरं राखली, पुढे जमीन घेतली, आता म्हातारपणी मुलांच्या हाती औत देऊन काशी-रामेश्वरच्या यात्रेच्या गाडीत बसायला निघाले होते. त्यांच्याकडे जुन्या गंजिफाचा डबा होता. गंजिफा म्हणजे आपल्या जुन्या काळचे गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी पानं. मामांच्या वडिलांना तो कुण्या जहागीरदारानं मेंढरांच्या बदल्यात दिला होता. जहागीर गेली, मेंढरंही गेली, गंजिफा राहिला.

"घरी नातवंडं भवऱ्यावानी फिरवून राह्यलेत ही पानं," मामा म्हणाले होते. "तुमच्याकडं बरंय. जावाईबापू, ध्यानात ठेवा. उन्हात न्हाई ठेवायचा, वल्यात न्हाई ठेवायचा, अन् कोणाच्या हाती न्हाई द्यायचा. वापस आलो की मला जसाच्या तसा पायजे."

"बिलकुल, मामा," असं म्हणून पुंजारामांनी डबा दोन्ही हातांत घेतला, आणि त्यांना भरून आलं. कारण लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मामांनी त्यांच्या हाती कधी शेळीचं दावंसुद्धा दिलं नव्हतं. सासुरवाडीला ते कागदाचे गृहस्थ म्हणून ओळखले जात. बैल सुटला की मामा धाकट्या मेहुण्याला हाक मारायचे आणि जावयाला म्हणायचे, "तुम्ही बसा." सासुरवाडीतला त्यांचा सगळा काळ असा बसूनच गेला होता. गंजिफाच्या बाबतीत तर त्याहून वाईट. हा डाव तिघांचा. मामा आणि त्यांचे दोन मित्र रोज दुपारी देवळाच्या ओट्यावर बसत, आणि तिघंही धडधाकट असल्यामुळे चौथ्याला जागाच नव्हती. पुंजाराम मागे बसून लांबून पाहत. पाहून पाहून डाव पाठ झाला, पण पान हातात आलं नाही. आसपासच्या गावांत मामांना कुणी हरवलेलं नव्हतं. मामांच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणत. मग ते दोन्ही मित्र एकामागून एक गेले, आणि डबा बंद झाला.

तर तो डबा आता पुंजारामांच्या फडताळात होता. तो नुसता उघडून बघितला असता तर काही बिघडलं नसतं. पण राधाकिसनला बोलावून दाखवल्याशिवाय पाहिल्यासारखं वाटेना.

राधाकिसन शेजारी राहायचा. कापडाचं दुकान होतं. वर्तमानपत्र वाचायचा तो दुसऱ्या दिवशी, पण त्यामुळे बातमी त्याच्या तोंडी पुरती मुरलेली असायची. त्यानं एकेक पान उचलून उजेडात धरलं. पुरीएवढी गोल पानं, कापडाच्या चिंध्या चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवून केलेली, वर खडू, त्यावर रंग, आणि सगळ्यावर लाखेचा हात. मासा झालेला विष्णू, कासव झालेला विष्णू, सिंहाचं तोंड असलेला विष्णू. शेवटी कल्कीचा राजा आला आणि दोघंही थबकले.

कल्की घोड्यावर बसून येणार असं शास्त्रात आहे. इथे घोड्याला कान होते, शेपूट होतं, पण पाय नव्हते. पायांच्या जागी चाकं होती. पोट पिंपासारखं होतं, आणि डोक्यातून काहीतरी काळं उभं निघून वरच्या कडेपर्यंत गेलं होतं. रंग उडालेला होता, त्यामुळे खुलासा होईना.

"तोफ हाये," राधाकिसन म्हणाला.

"तोफेवर कोण बसतं?"

"कल्की बसतो. त्याला काय भेव?" मग राधाकिसननं पान खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. "पुंजारामजी, ही चीज शंभर वर्षांच्या वरची दिसून राह्यली. नवा कायदा आलाय. वाचला न्हाई तुम्ही? जुनी चीज घरात असली तर सरकारात नोंद पायजे. न्हाई केली तर चीज जप्त, अन् मालक आत."

"मालक मामा आहेत."

"ते काशीला गेलते ना? मंग ज्याच्या फडताळात सापडंल तो मालक."

इतक्यात झुंबरबाई विरजण मागायला आली. झुंबरबाई पलीकडच्या घरची. विरजण तिला रोजच लागायचं, पण ते कुणाच्या घरी काय चाललंय हे पाहूनच घ्यायचं, असा तिचा नेम होता. तिनं पानं पाहिली आणि हातातली वाटी खाली ठेवून पदर डोक्यावर घेतला.

"आगं बाई! गोपिका, देव असे डब्यात कोंडून ठेवलेत?"

पुंजारामांची बायको गोपिका चुलीपाशी होती. बापाच्या घरी याच पानांवर लहानाची मोठी झालेली. "खेळायचे हायेत ते," ती म्हणाली. पण झुंबरबाईच्या आवाजात असं काहीतरी होतं की गोपिकेलाही आपण आजवर मोठं पाप केल्यासारखं वाटायला लागलं. झुंबरबाईनं कल्कीचं पान हातात घेऊन कपाळाला लावलं. "अन् हा बंबावर बसलेला कोणता देव गं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम कचेरीतून आले तर दारात चपलाच चपला. देवघरापुढे पाट, पाटावर धूतवस्त्र, त्यावर एकशे वीस पानं ओळीनं मांडलेली, आणि प्रत्येकाला हळदकुंकू. राजाला होतं, प्रधानाला होतं, आणि ज्यांच्यावर नुसते मासे किंवा शंख मोजून काढले होते त्यांनाही होतं. त्यांचं मन मोडायला नको म्हणून. बंबावरच्या देवाला जास्तीचं होतं. तो नवा होता ना.

पुंजारामांनी बायका गेल्यावर ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला घेतलं. मामांनी ओल्याबद्दल काय सांगितलं होतं ते त्यांना फडकं लावल्यावर आठवलं. कुंकू गेलं नाही, पसरलं. मत्स्यावतार विडा खाल्ल्यासारखा दिसायला लागला. पुंजारामांनी फडकं खाली ठेवलं आणि मुकाट्यानं डबा बंद केला.

पण बातमी बंद होईना. पुंजारामाच्या घरी पत्त्यांना गर्दी होते, अशी ती गावभर गेली, आणि अर्थातच चौकीवरही गेली. दोन दिवसांनी साहेबराव जमादार दारात उभे. शहात्तर सालातली, आणीबाणीतली गोष्ट. त्या दिवसांत जमादारानं काही विचारलं की माणूस आधी हो म्हणायचा आणि मग प्रश्न ऐकायचा.

"पुंजारामजी, तुमच्याकडं पत्ते चालतेत म्हणं?"

"हो," पुंजाराम म्हणाले. "म्हणजे नाही. म्हणजे पत्ते आहेत, पण ते चालत नाहीत. त्यांची पूजा होते."

जमादारांनी डबा उघडायला लावला. वरचंच पान नरसिंहाचं निघालं. जमादारांनी पान पाहिलं, मग आपले बूट पाहिले, मग बाहेर जाऊन बूट काढून आले, टोपी काखेत घेतली आणि हात जोडले. 

"पत्ते म्हणावं तर देव हायेत," ते म्हणाले. "देव म्हणावं तर पत्ते हायेत. मी लिहू काय?"

गोपिकेनं चहा आणला. चहा पिता पिता जमादारांना मार्ग सापडला. "तुम्ही असं करा. सरकारातून ह्याचा कागद करून घ्या. कागद असला म्हणजे आमालाबी बरं अन् तुमालाबी बरं. न्हाईतर कोणी अर्ज केला तर मला डबा उचलावा लागंल."

डबा उचलावा लागेल, या शब्दांनी पुंजारामांना पुढचं सगळं दिसायला लागलं. मामा काशीहून परत येणार, डबा मागणार, आणि जावई सांगणार की डबा चौकीत आहे. नंतर आयुष्यभर सासुरवाडीला जायचं आणि बसायचं. नाही, बसायलासुद्धा कुणी सांगणार नाही.

त्यांनी सुवाच्य अक्षरात औरंगाबादच्या पुराणवस्तूंच्या कचेरीकडे अर्ज केला. पुंजारामांचं अक्षर चांगलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. उत्तर फार लवकर आलं. सरकारी कामात एरवी जी दिरंगाई होते तिचा माणसाला किती आधार असतो, हे तेव्हा त्यांना समजलं. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो जोडावा, आणि वस्तू घेऊन समक्ष यावं. प्रत्येक वस्तूचा!

परतुरात फोटो काढणारा म्हणजे मच्छिंद्र पेंटर. पाट्या रंगवायचा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, आणि लग्नसराईत फोटो काढायचा. घराणं जिनगराचं, म्हणजे पूर्वी खोगिरं आणि गंजिफा करणाऱ्यांचं, त्यामुळे गंजिफाचं नाव काढताच त्याची छाती फुगली.

"आमच्याच घरचं काम हाये हे," तो म्हणाला. "आमच्या पणज्यानं निजामाला गंजिफा करून दिल्ता. निजाम असा हातात घेऊन बघतच राह्यला म्हणं. पणजा बोलला, खाविंद, ठेवा. म्हणून तर आमच्याकडं एकबी पान उरलं न्हाई."

 कल्कीचं पान पाहून मात्र तो गडबडला. आपल्या पणज्यानं असं का काढलं असेल, याचा त्यानं डोळे मिटून अंदाज घेतला आणि हा तेलाचा घाणा आहे असं जाहीर केलं.

फोटोला लाईट पाहिजे, लाईट अंगणात आहे, असं त्याचं म्हणणं. वैशाख चालला होता. अंगणातल्या बाजेवर त्यानं पानं मांडली. पुंजारामांना मामांचे शब्द आठवले नाहीत असं नाही. ते म्हणालेही, "मच्छिंद्र, उन्हात ठेवू नका असं मामा—" पण मच्छिंद्र काळ्या फडक्यात डोकं घालून बसला होता, आणि डोकं काळ्या फडक्यात असलेल्या माणसापुढे सामान्य माणसाचं काही चालत नाही. आधी चेहरे झाले, मग पानं उलटून पाठी झाल्या. ऊन चढत गेलं. शेवटी वारा सुटला आणि पानं उडायला लागली, तेव्हा दोघांनी घाईघाईनं ती गोळा केली, एकावर एक दाबली आणि डब्यात कोंबली.

संध्याकाळी डबा उघडला तर आत पानं नव्हती. आत एक जाड, गोल, रंगीत लाटणं होतं. लाख वितळून दहाही अवतार एकजीव झाले होते.

पुंजाराम मटकन खाली बसले. गोपिकेनं डब्यात पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तीही त्यांच्याशेजारी बसली.  

मच्छिंद्रला बोलावणं गेलं. तो लाकडाच्या फटींत लांबी भरायचा पत्रा घेऊनच आला आणि पानं सोडवायला बसला. खरं सांगायचं तर माणूस कष्टाळू. गार झालेली लाख त्यानं पत्र्याच्या टोकानं अलगद उकलली, आणि एकेक करून सगळे अवतार सुटे झाले. सगळे, एक सोडून. रामाच्या राजाचा चेहरा वराहाच्या प्रधानाच्या पाठीला चिकटून गेला आणि तिथून तो सोलून काढताना त्याचा भुगा झाला. खाली धनुष्य राहिलं, वर मुकुट राहिला, मध्ये पांढरा खडू.

"घाबरू नका," मच्छिंद्र म्हणाला. "घरचं काम हाये." आणि पान घेऊन गेला.

आता मच्छिंद्रबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याला आयुष्यात एकच चेहरा येत होता. गुलाबी गाल, तलवारकट मिशी, किंचित हसरे ओठ. हा चेहरा परतुरात केशकर्तनालयाच्या पाटीवर होता, टेलरच्या पाटीवर होता, आणि पंचायतीच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाशेजारी बायको आणि दोन मुलांसह सुखानं उभा होता. दुसऱ्या दिवशी तो रामाच्या धडावर आला. शिवाय मजबुती म्हणून मच्छिंद्रनं पानाच्या कडेवरून गोल गोल तेलरंगाचा एक जाड हात फिरवला होता. त्याचे वेगळे पैसे नकोत म्हणाला.

"मिशी?" पुंजारामांनी एवढंच विचारलं.

"वनवासात दाढी करायला न्हावी कुठला?" मच्छिंद्र म्हणाला.

पुंजाराम औरंगाबादच्या गाडीत बसले तेव्हा डबा त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. गंजिफा जुना ठरला तर नोंद होईल, आणि नोंद झाली तर सरकार विचारेल की एवढ्या मौल्यवान वस्तूला कुंकू कुणी फासलं, रामाला मिशी कुणी काढली. तो जप्त झाला तर मामा विचारतील. शिक्षा दोन्हीकडून होती. सरकारच्या शिक्षेला निदान मुदत असते, असं त्यांच्या मनात आलं.

कचेरीतले साहेब शांत होते. मोठं भिंग होतं त्यांच्याकडे. ते पानामागून पान पाहत होते आणि पुंजाराम त्यांच्या भुवया पाहत होते. भुवई वर गेली की पुंजाराम खुर्चीत खाली जायचे. कुंकवाचं कारण साहेबांनी विचारलं नाही. त्यांच्याही घरी बायको असावी. रामाच्या राजापाशी ते बराच वेळ थांबले.

"हा मात्र अलीकडचा वाटतो," ते म्हणाले.

पुंजारामांनी खोकला काढला.

"आणि बऱ्याच पानांच्या कडांना बारीक खाचा आहेत. नखानं दाबून केल्यासारख्या. दिसत नाहीत, पण हाताला लागतात."

पुंजारामांना एकदम आठवलं. पत्रा! मच्छिंद्रचा पत्रा! म्हणजे एक राम गेला एवढ्यावर भागलं नव्हतं, सगळा गंजिफाच कुरतडला गेला होता. साहेबांनी मग कल्कीचा राजा उचलला, भिंग जवळ नेलं, लांब नेलं, आणि पहिल्यांदाच हसले.

"हे काय आहे सांगता येईल तुम्हाला?"

"तोफ, बंब किंवा घाणा," पुंजाराम म्हणाले. "मतभेद आहेत."

"परतूरला राहता ना तुम्ही? रोज शिट्टी ऐकता ना? अहो, हे आगगाडीचं इंजिन आहे!"

पुंजारामांनी वाकून पाहिलं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेचना. ते पिंपासारखं पोट म्हणजे बॉयलर, ते काळं उभं म्हणजे धुराडं. त्याच इंजिनाच्या मागे बसून ते आत्ता आले होते, आणि तरी त्यांना ओळखू आलं नव्हतं.

"हा करणारा चितारी तुमच्याच भागातला असणार," साहेब रंगात येऊन सांगायला लागले. "हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच दहा अवतार तसेच्या तसे काढायचे. बापानं काढलं तसं मुलानं. हा पठ्ठ्या मात्र कधीतरी रुळाच्या कडेला जाऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा इंजिन पाहिलं. धूर सोडत, फुंकारत येणारं. घरी आला, कल्कीचं पान करायला बसला, आणि त्याला वाटलं, जगाचा शेवट करायला देव येणार तो आता घोड्यावरून कशाला येईल? पण गिऱ्हाईक ओरडेल म्हणून कान आणि शेपूट ठेवलं. त्याचं नाव कुठे नाही. पण बघा, माणूस दिसतो की नाही?"

पुंजारामांना तो खरंच दिसला. मांडीवर पान, हातात खारीच्या केसांचा कुंचला, आणि शेपूट ठेवावं की नको या विचारात पडलेला. गिऱ्हाइकाची भीती त्यालाही होती तर! त्यांना त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

"तर तुमच्याकडे रूळ आले या शतकाच्या तोंडावर," साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे हा गंजिफा त्यानंतरचा. शंभर वर्षं झालेली नाहीत. याला कायदा लागू नाही, नोंद नको, काही नको. सुंदर आहे, जपून ठेवा. आणखी पंचवीसएक वर्षांनी या."

पंचवीस वर्षांनी कोण येतंय! पुंजाराम डबा छातीशी धरून जवळजवळ धावतच बाहेर पडले. स्टेशनात इंजिन पाणी घेत उभं होतं. इकडेतिकडे पाहून कुणाचं लक्ष नाही अशी खात्री करून त्यांनी त्याला हळूच नमस्कार केला. जप्ती टळली होती, जमादार टळले होते. आता फक्त मामा उरले होते.

मामा जूनमध्ये आले. एस्टीतून उतरले ते हातात गंगाजळाचा गडू, गळ्यात रुद्राक्ष, आणि पहिलंच वाक्य, "डबा हाये का बराबर?"

"आहे ना, मामा. आधी चहा घ्या."

"चहा व्हईल. बोटं शिवशिवून राह्यली माझी. गाडीत सगळी भजनवाली मंडळी, खेळायला कोणीच न्हाई. माझे ते दोघं जोडीदारबी गेले सोडून." मामांनी गडू दुसऱ्या हातात घेतला. मग पुंजारामांकडे न पाहता म्हणाले, "आता आपल्यात कोणी खेळणारं उरलं न्हाई. जावाईबापू, तुम्ही बसा. गोपिका बसंल. तिघं झालो."

तुम्ही बसा! इतकी वर्षं ऐकलेले तेच शब्द, पण आज त्यांचा अर्थ वेगळा होता. मामा त्यांना आपल्या मित्राच्या जागेवर बसवत होते. कुठल्या जावयाला आनंद झाला नसता? पुंजारामांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

कारण दशावतारी गंजिफाचा नियम असा, की दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्यानं सुरुवात करायची. ते पान सगळ्यांत आधी सगळ्यांपुढे पडणार. दिवेलागणीनंतर मांडला तर सुरुवात कृष्णाच्या राजानं. कृष्णाला नुसतं कुंकू होतं. कृष्णाला मिशी नव्हती.

पुंजारामांनी ठरवलं की दिवे लागेपर्यंत डाव लागू द्यायचा नाही. चहा झाला. मग पोहे झाले. मग मामांना आंघोळीला पाणी काढलं. झुंबरबाईला प्रसादाला बोलावलं आणि तिच्यासमोर काशीचे घाट एकेक करून विचारले. मामा घाट सांगत होते आणि पुंजाराम दारातून सूर्य पाहत होते. जूनचा सूर्य. त्याला काही घाई नव्हती. शेवटी पुंजारामांनी खिडक्या लावून घेतल्या आणि कंदील पेटवला.

"दिवे लागले, मामा!"

मामांनी उठून खिडकी उघडली. उन्हाचा पट्टा थेट कंदिलावर पडला. "जावाईबापू, तब्येत बरीये ना तुमची?" त्यांनी विचारलं. "आणा डबा."

डबा आला. कुंकू दिसताच मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण झुंबरबाई पुढे होऊन म्हणाली, "पूजा केली आबाजी आम्ही देवांची," आणि काशीहून आलेल्या माणसाला त्यावर काही बोलता येईना. ती विरजण घेऊन गेली. मामांनी पानं सतरंजीवर ओतली, पिसली, आणि वाटायला घेतली. वाटप नेहमी मामाच करायचे, जुन्या दिवसांतही. अंगठ्यानं कडेवरून हळूच चाचपत, खालून-वरून काढत, ते एकेक पान ज्याच्या त्याच्यापुढे टाकत होते. पुंजारामांनी आपली पानं उचलली. साधी, साधी, साधी, सगळी साधी. आणि शेवटचं पान उचललं तर त्यातून तो गुलाबी गृहस्थ त्यांच्याकडे पाहून हसला.

"चला, रामाचा राजा," मामा म्हणाले, आणि आपल्याच हातातली पानं चाळायला लागले. पुढून मागे चाळली. मागून पुढे चाळली. त्यांचा चेहरा बदलला. "रामाचा राजा कोणाकडंय?"

पुंजारामांना वाटलं, पान गिळून टाकावं. पण ते पुरीएवढं होतं आणि वर तेलरंगाचा जाड हात होता. त्यांनी डोळे मिटले, पान सतरंजीवर ठेवलं आणि तोंडात शब्द जमवायला लागले. "मामा, त्याचं असं झालं—"

मामांनी पान उचललं. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांचा अंगठा कडेवरून गोल फिरला. पुन्हा एकदा फिरला. आणि मामा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलून गेले, "अरे, ह्याची खाच कुठं गेली?"

 गोपिका आपल्या हातातल्या पानांत एकदम फार गढून गेली.

पुंजारामांनी हळूच आपल्या पानांच्या कडा चाचपल्या. सगळ्या गुळगुळीत. एकही राजा नाही, एकही प्रधान नाही, आणि एकही खाच नाही. मग त्यांनी मामांच्या हाताकडे पाहिलं. तिथे राजे होते, प्रधान होते, दाटीवाटीनं बसले होते. औरंगाबादचं भिंग त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पत्र्याचा काही दोष नव्हता. मच्छिंद्र बिचारा निर्दोष होता. उलट त्याच्या तेलरंगानंच एक खाच बुजली होती, आणि सगळ्या पंचक्रोशीत कधी न हरलेल्या मामांचा रामाचा राजा जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती गेला होता.

"कुठली खाच, मामा?" पुंजारामांनी विचारलं.

मामांनी मान वर केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी हातातल्या पानाचा चेहरा पाहिला, आणि पाहतच राहिले. रामाचे गुलाबी गाल पाहिले. मिशी पाहिली. मग जावयाकडे पाहिलं. जावई त्यांच्याकडे पाहत होता. 

"जावाईबापू," मामा सावकाश म्हणाले, "ह्या पानाला ऊन लागलं का?"

"लागलं, मामा," पुंजाराम म्हणाले. "वैशाखाचं."

"तेच म्हणलं मी. उन्हानं असं व्हतं. रंग चढतो."

"हो, मामा. आणि कडांना खाचासुद्धा उन्हानंच पडतात."

"बराबर," मामा घाईघाईनं म्हणाले. "लाखेचीच पानं ती. उन्हानं पडतेत, अन् उन्हानंच बुजतेत. कोणाला सांगण्यासारखं काय हाये त्यात?"

"बिलकुल नाही."

"अन् मिशी?" गोपिकेनं मान वर न करता विचारलं. "तीबी उन्हानंच फुटली का आबा?"

मामांनी लेकीकडे डोळे वटारले, आणि मग त्यांना हसू आवरेना. रुद्राक्षाची माळ पोटावर उडायला लागली. गोपिका तोंडाला पदर लावून हसत होती. तिला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं, हे त्या हसण्यावरून पुंजारामांना कळलं. आणि मग तेही हसले. उन्हाळाभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटलं. किती सोपं होतं! सगळा उन्हाळा ते मामांना भिऊन होते, आणि मामा कित्येक वर्षं सगळ्यांना भिऊन होते.

डाव झाला. मामा जिंकले, पण नेहमीपेक्षा थोडक्यात. हरल्याचा पुंजारामांना इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. गोपिकेनं पुन्हा चहा ठेवला. बाहेर संध्याकाळच्या गाडीनं शिट्टी दिली. पुंजारामांनी मामांना कल्कीचं इंजिन दाखवलं, तो रुळाच्या कडेला उभा राहिलेला चितारी सांगितला. मामांनी पान जवळ धरून पाहिलं. "म्हंजी इतकी वर्सं मी इंजिनावर डाव जिंकून राह्यलो अन् मला पत्ताच न्हाई," असं म्हणून त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी सगळी पानं गोळा केली, नीट एकावर एक रचली, आणि आपल्यापुढे ठेवण्याऐवजी सतरंजीवरून सरकवत जावयापुढे ठेवली.

"आता दिवे लागले," मामा म्हणाले. "हा डाव कृष्णाचा. वाटा तुम्ही."

पुंजारामांनी पानं हातात घेतली. सासुरवाडीकडून मिळालेला एवढा मोठा मान त्यांनी आजवर अनुभवला नव्हता. त्यांनी पिसली, गोपिकेकडून काटून घेतली, आणि सावकाश वाटायला सुरुवात केली. पहिलं पान गोपिकेला, दुसरं मामांना. तिसरं स्वतःला टाकताना त्यांचा अंगठा आपोआप कडेवरून जरासा फिरला.

"जावाईबापू," मामा म्हणाले, "अंगठा जाग्यावर ठेवा."